विश्लेषण : हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस कशी घडवली? ससे, तुपाचे थेंब आणि एका बाटलीने उद्ध्वस्त केलेली कारकीर्द!

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना ठाऊक असते. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे डोस यांमुळे हे नाव राज्यभर पोहोचले. मात्र ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वॉल्डेमार हाफकिन कोण होते, हे फारसे माहीत नसते. ते डॉक्टर नव्हते, ब्रिटिश नव्हते आणि भारतीयही नव्हते. तरीही कॉलरा आणि प्लेग या दोन्ही साथींविरुद्धच्या लशींची मोठी परीक्षा त्यांनी भारतात घेतली. लस आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि मग लोकांवर तपासायची, ही त्यांची रीत होती. एका दुर्घटनेचे खापर त्यांच्यावर फुटले आणि निर्दोष ठरायला पाच वर्षे गेली. प्राण्यांविना औषध-चाचण्या करता येतील का, याची चर्चा आज जगभर सुरू असताना त्यांचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे ठरते.

हाफकिन कोण होते?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. आज युक्रेनमध्ये असलेले हे बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, या शोधासाठी मेचनिकोव्ह यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळाले.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीकडे ओढले गेले. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीमुळे सुटका झाली. पण ज्यू असल्याने प्राध्यापकपदाचा मार्ग बंदच होता. धर्म बदलला असता तर तो खुला झाला असता. हाफकिन यांनी ते नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात ते काम करत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिस. तेथील पाश्चर संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथपालाची नोकरी पत्करली. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसू लागले.

कॉलऱ्याच्या लशीसाठी गिनीपिग कशासाठी?

कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये ओळखला होता. स्पेनमध्ये हायमे फेरान यांनी १८८५ मध्ये त्याची लस टोचूनही पाहिली होती. पण तिच्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. अडचण मात्रेची होती. एका बाटलीतले जिवाणू जहाल, तर दुसरीतले मवाळ. प्रत्येक वेळी ताकद वेगळी असेल, तर लस किती टोचायची आणि तिचा परिणाम काय मोजायचा?

हाफकिन यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी जिवाणू गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचले. तो प्राणी मेल्यावर तेथील द्रव काढून दुसऱ्या गिनीपिगला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी साखळी चालवली. दर फेरीत जिवाणू अधिक मारक होत गेला. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्याची मारकता कित्येक पटींनी वाढली आणि एका पातळीवर स्थिरावली. आता लशीची ताकद ठरावीक ठेवता येत होती. दुसरीकडे, ३९ अंश सेल्सियस तापमानात सतत हवा देत वाढवून त्यांनी जिवाणूचे दुबळे रूपही मिळवले. आधी दुबळ्या जिवाणूंची लस आणि काही दिवसांनी जहाल जिवाणूंची, असा दोन टप्प्यांचा क्रम ठरला. या कामी गिनीपिग केवळ परीक्षेचा प्राणी नव्हता. तो जिवाणू घडवण्याचे साधन बनला होता.

गिनीपिग, ससे आणि कबुतरांवर लस सुरक्षित ठरल्यानंतर १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर काही मित्रांनीही लस घेतली. मग प्रश्न उरला, साथ असलेल्या ठिकाणी तिची परीक्षा घेण्याचा.

भारतात ते कसे आले?

पूर्वी भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. कॉलऱ्याचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या बंगालमध्ये जावे, असे त्यांनी सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले.

पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलऱ्याचे रुग्ण आढळले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर आढळलेले सर्व रुग्ण लस न घेतलेल्यांमधले होते. ही संख्या लहान असली, तरी एकाच वस्तीतल्या, एकच पाणी पिणाऱ्या लोकांची तुलना झाल्याने तिला वजन होते. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचून झाली. लस सक्तीने देऊ नये, यावर हाफकिन ठाम होते. मलेरियाने प्रकृती ढासळल्याने ते युरोपला गेले आणि १८९६ मध्ये पुन्हा परतले.

मुंबईत काय घडले होते?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रोगाने माणसे दगावू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. लोक शहर सोडून पळू लागले. पुढे पुण्यातही हाहाकार उडाला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच अंत झाला. साथीच्या नावाखाली घरांत घुसून झडत्या घेणाऱ्या प्रशासनाविरुद्धचा संताप त्याच वर्षी जूनमध्ये रँडच्या हत्येपर्यंत गेला.

सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो पिसवांमार्फत उंदरांकडून माणसांपर्यंत पोहोचतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. शहर रिकामे होत होते आणि हाताशी औषध नव्हते.

लस बनवण्यासाठी तूप कशाला?

कॉलऱ्यासाठी हाफकिन यांनी जिवंत जिवाणू वापरले होते. प्लेगच्या बाबतीत ती जोखीम घेणे शक्य नव्हते. म्हणून जिवाणू मोठ्या प्रमाणात वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि ते मृत जिवाणू टोचायचे, असे त्यांनी ठरवले. पण एवढे जिवाणू वाढवायचे कसे?

त्यांनी मांसाच्या अर्काने काचेचे चंबू भरले. हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांना आक्षेप राहू नये म्हणून गोमांस आणि डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचे जिवाणू या तरंगत्या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटत आणि तेथून लोंबत्या धाग्यांसारखे खाली वाढत. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात, तसे हे दृश्य दिसे. ठरावीक दिवसांनी चंबू हलवला की धागे तळाशी पडत आणि वर नवे धागे फुटत. पाच-सहा आठवड्यांत अर्क जिवाणूंनी दाट होई.

या पद्धतीचे दोन फायदे होते. एक म्हणजे उत्पादन वाढले. दुसरे असे की अशी लोंबती वाढ हे प्लेगच्या जिवाणूचे लक्षण असल्याने, चंबूत भलताच जंतू शिरला आहे का, हे पारखायला मदत होई. पुढे हा अर्क सुमारे तासभर ६५ ते ७० अंश सेल्सियस तापमानात ठेवून जिवाणू मारले जात. बाटलीत अन्य जंतू वाढू नयेत म्हणून थोडे कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फेनॉल, मिसळले जाई.

आधी ससे, मग स्वतः?

लस टोचलेले ससे प्लेगच्या जिवाणूंना तोंड देऊ शकतात, हे डिसेंबर १८९६ पर्यंत दिसले. मुंबईत येऊन तीनच महिने झाले होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी दहा घन सेंटीमीटर लस स्वतःला टोचून घेतली. नंतर नेहमीच्या वापरासाठी ठरलेल्या मात्रेपेक्षा ही बरीच मोठी होती. त्यांना चांगलाच ताप भरला, वेदना झाल्या, पण त्या ओसरल्या.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घ्यायला स्वखुशीने तयार झाले. तिघांना त्याच दिवशी लक्षणे दिसली आणि ते दगावले. लस टोचण्यापूर्वीच त्यांच्या शरीरात रोग शिरला होता. त्यानंतरच्या दिवसांत लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्या कैद्यांत १२ रुग्ण आढळले, त्यांतले सहा दगावले. अर्थात कैदी खरोखर किती मोकळेपणाने हो म्हणू शकतो, हा प्रश्न आजच्या नियमांनुसार आधी विचारला गेला असता.

लस खरेच उपयोगी आहे, हे कसे ठरवले?

स्वतःवरच्या प्रयोगातून लस मारक नाही एवढेच कळते. ती वाचवते का, हे कळत नाही. त्यासाठी तुलना लागते. ती तुलना काटेकोर करण्याचा प्रयत्न फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात झाला. प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही. घर, अन्न आणि उंदीर सर्वांना सारखेच होते. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन मेले. आज औषध-चाचणीत ज्याला नियंत्रण गट म्हणतात, त्याचे हे आरंभीचे रूप होते. निम्म्या घराला मुद्दाम वंचित ठेवण्याची किंमत त्या २६ मृत्यूंत दिसते.

अर्थात ही लस अभेद्य कवच नव्हती. टोचल्यावर ताप येई आणि दंड सुजे. लस घेतलेल्या काहींना प्लेग होई. पण मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असे आकडे अनेक ठिकाणांहून येत राहिले. अफवाही मोठ्या होत्या. अशा वेळी तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेतली, अनुयायांना तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुल्कोवालमध्ये नेमके काय झाले?

१९०२ मध्ये पंजाबने लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली आणि परळकडे प्रचंड मागणी नोंदवली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेच्या निर्जंतुकीकरणावर भिस्त ठेवली गेली. पाश्चर संस्थेत असे केले जात असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला. सर्वच्या सर्व दगावले. या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

ही बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली होती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात केव्हा शिरले, परळला की गावात? सरकारने चौकशी आयोग नेमला. बाटली पंजाबात उघडण्याआधीच दूषित झाली असावी, असा त्याचा कल होता. कार्बोलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयावर त्याने बोट ठेवले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ते लंडनला गेले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, रशियन ज्यू होते आणि लष्करी डॉक्टरांचा वरचष्मा असलेल्या वैद्यकीय सेवेत परके होते. त्यामुळे त्यांच्या बाजूने उभे राहणारे इथे फारसे कोणी नव्हते.

ते निर्दोष कसे ठरले?

पुरावा चौकशीच्या कागदांतच होता. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू मातीत असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. हे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर झाकण काढताच घाण वास आला असता.

मलेरियाचा प्रसार डासांमार्फत होतो, हे दाखवून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा लावून धरला. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुराव्यांची छाननी केली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवण्यात आले होते, त्याच्याशी अनेकांनी या प्रकरणाची तुलना केली. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

पण गेलेली पाच वर्षे परत आली नाहीत. परळचे पद दुसऱ्याकडे गेले होते. त्यांना कलकत्त्याच्या जैविक प्रयोगशाळेत नेमले गेले, मात्र तेथे लशींच्या चाचण्यांना वाव नव्हता. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले. उत्तरायुष्यात ते धर्माकडे वळले. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपल्या संपत्तीतून निधी उभारला. अविवाहित राहिलेल्या हाफकिन यांचे २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निधन झाले. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा रवाना झाल्या होत्या.

आजच्या प्रयोगशाळांशी याचा संबंध काय?

मुल्कोवालने दाखवलेली जोखीम दुहेरी होती. लस उत्तम असूनही तिची बाटली घातक ठरू शकते. म्हणून आज लशीच्या प्रत्येक खेपेचे नमुने तपासल्याशिवाय ती बाजारात येत नाही आणि बाटली ते सुई या शेवटच्या टप्प्यालाही नियम असतात. या तपासण्यांत विसाव्या शतकभर गिनीपिग, उंदीर आणि ससे वापरले गेले. सशाला औषध टोचून ताप येतो का पाहणे, ही त्यांतली एक परिचित चाचणी.

आता चित्र बदलते आहे. प्राण्यांचा वापर टाळावा, घटवावा आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, हे तत्त्व विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लशींच्या प्रत्येक खेपेसाठीची, उंदीर आणि गिनीपिगवरील एक जुनी सर्वसाधारण सुरक्षा चाचणी आपल्या शिफारशींतून वगळली. सशावरील तापाच्या चाचणीऐवजी मानवी रक्तपेशींवरील चाचणी उपलब्ध आहे. काचेच्या पट्टीएवढ्या चिपवर माणसाच्या यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशी वाढवून त्यांतून द्रव खेळवणे, हे जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे नवे साधन आहे. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये, तर भारताने २०२३ मध्ये नियम बदलून औषधांच्या प्राथमिक चाचण्यांसाठी अशा पर्यायांना वाट मोकळी केली.

तरीही चिपवरचे यकृत म्हणजे संपूर्ण शरीर नव्हे. ताप, प्रतिकारशक्ती आणि अनेक अवयवांचा एकत्रित प्रतिसाद त्यात पूर्ण उमटत नाही. त्यामुळे प्राण्यांवरील चाचण्या एका दिवसात थांबणार नाहीत. नवी पद्धत स्वीकारताना जुनी सुरक्षेची पायरी वगळली जाते, तेव्हा तिच्या जागी काय आले आणि ते पुरेसे आहे हे कोणी तपासले, हे विचारावेच लागेल. कार्बोलिक आम्ल वगळल्यावर हाफकिन यांना हाच प्रश्न विचारला गेला. फरक इतकाच की, तो १९ माणसे दगावल्यानंतर विचारला गेला आणि त्याचे उत्तर पुराव्यांत शोधण्याआधीच दोषी ठरवला गेला.